बालिताव कसे बसवावे: सीमाभागातील हौशी मंडळांसाठी

फिलिपिन्सच्या मध्यभागी असलेल्या विसायस बेटांवर, विशेषतः सेबूच्या परिसरात, बालिताव नावाचा एक जुना नृत्यप्रकार आहे. त्यात एक पुरुष आणि एक स्त्री तीन मात्रांच्या ठेक्यावर नाचत एकमेकांना पद्यातून उत्तरे देतात. तो मागणी घालतो, ती नकार देते, अटी घालते, त्याची टर उडवते आणि हा वाद कधी होकाराने, तर कधी सरळ नकाराने मिटतो. ही कवने आयत्या वेळी रचली जात, त्यामुळे दोघेही मुरलेले असले की सामना बराच वेळ रंगे. कलगी-तुऱ्याचे सामने ऐकलेल्या किंवा गीगी पदांची चढाओढ पाहिलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रेक्षकाला यातली गंमत लगेच कळते. म्हणून स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवात परदेशी लोकनृत्य सादर करायचे असेल तर मी बालितावच सुचवीन.

सुरुवात पावलांपासून न करता पद्यापासून करावी, कारण या प्रकाराचा कणा वाद हाच आहे आणि तो कच्चा राहिला तर उरते ती केवळ एका जोडप्याची गिरकी. विसायन भाषेतील ओळी पाठ करून म्हणण्यात अर्थ नाही, कारण उत्तराची धार प्रेक्षकाला त्याच क्षणी कळली पाहिजे. आपल्याकडे त्यासाठी ओवीचा सैल छंद सोयीचा पडतो. नियम एकच ठेवावा: उत्तर देणाऱ्याने समोरच्याच्या ओळीतला एखादा शब्द उचलून तो त्याच्यावरच उलटवावा. उदाहरणार्थ,

तो: मार्कंडेयेच्या काठी गं, भाताचं शिवार,
धरशील का हात माझा, करशील का विचार?

ती: शिवार तुझं डोलतं रं, कणगी दिसं रिती,
गोड बोल ऐकून का, लागतीया प्रीती?

अशा जोड्या गरजेपेक्षा दुप्पट रचून ठेवाव्यात, परंतु त्यांचा क्रम ठरवू नये. शेवट होकाराचा की नकाराचा, एवढेच दोघांनी आधी ठरवावे आणि मधली वाट रंगमंचावर शोधावी. तालमीत दर वेळी पहिली ओळ बदलली तर ऐकून उत्तर देण्याची सवय लागते. संपूर्ण संहिता घोकलेली जोडी मात्र एक ओळ विसरताच अडते. स्त्रीची बाजू अधिक तिखट असावी, कारण ती सहज वश झाली तर वाद उरतच नाही. सीमाभागात आणखी एक सोय आहे, ती वाया घालवू नये: त्याने मराठीत विचारावे आणि तिने एखादे उत्तर कन्नडमध्ये द्यावे.

संगीतासाठी एक गिटार पुरते. पूर्वी नारळाच्या करवंटीपासून केलेल्या तीन तारांच्या गिटारीवर बालिताव गायले जाई. गोवा जवळ असल्यामुळे बेळगावात गिटारवादक मिळणे अवघड नाही. ढोलकीचा मोह टाळावा, कारण तिच्या थापेखाली शब्द बुडतात. साथ हवीच असेल तर तबल्यावर हलका दादरा धरावा, कारण त्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या दोन भागांत पडतात आणि मूळ ठेक्याशी जुळतात.

पावले साधी आहेत. पहिल्या मात्रेला उजवा पाय पुढे टाकावा, दुसरीला डावा पाय चवड्यावर त्याच्याजवळ आणावा, तिसरीला उजवा पाय जागीच टेकवावा आणि पुढच्या आवर्तनात हेच डाव्या पायाने करावे. हात मनगटातून हळू आत किंवा बाहेर फिरवायचा असतो. या हस्तक्रियेला तिथे कुमिंतांग म्हणतात. आरंभी आणि शेवटी दोघे एकमेकांना लवून अभिवादन करतात, त्याला सालुदो हे नाव आहे. फिलिपिन्समध्ये गावोगाव फिरून लोकनृत्ये नोंदवणाऱ्या आणि 1973 मध्ये तिथल्या राष्ट्रीय कलावंत ठरलेल्या फ्रान्सिस्का रेयेस अकिनो यांनी मात्रांनुसार पावले लिहून ठेवण्याची जी पद्धत रूढ केली, तिचे अनुकरण करून आपल्या वहीतही प्रत्येक मात्रेसमोर पाऊल लिहावे. ओळ म्हणताना पावले आखूड ठेवावीत आणि जागांची अदलाबदल, गिरक्या दोन कवनांमधल्या केवळ गिटारीच्या तुकड्यात घ्याव्यात, म्हणजे दम टिकतो.

बांबूंमधून उड्या मारण्याचा भाग यात घालू नये. तो तिनिक्लिंग, ते नृत्य लेते बेटाचे, आणि त्यात पद्याचा वाद नसतो. फिलिपिन्स म्हटले की बांबू आणलेच पाहिजेत, असे आयोजकांना का वाटते ते कळत नाही.

वेशभूषेत तिच्यासाठी चौकड्यांचे पातादियोंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचे विणलेले वस्त्र, आणि वर सैल, आखूड बाह्यांचा झगा असावा. शहापूर-वडगावच्या विणकरांकडे चौकड्यांचे सुती कापड मिळाल्यास उत्तम. नऊवारी मात्र नेसवू नये, कारण मग प्रेक्षक लावणीची वाट पाहू लागतात. त्याला बिनकॉलरचा पांढरा सदरा आणि साधी विजार पुरे.

सादरीकरण दहा-बारा मिनिटांचे ठेवावे आणि प्रकाराचे नाव व प्रदेश निवेदनात स्पष्ट सांगावा. ओव्या आपल्या आहेत, हेही सांगावे. दोघांना कपड्यांना लावायचे माइक मिळवावेत, कारण हातात माइक आला की कुमिंतांग एका हाताचे होते आणि अभिवादनाला हात उरत नाही.