‘एपिलान्थानोमाइ’चा अर्थ लावताना या चुका टाळा

बायबलच्या नव्या करारात ‘विसरणे’ या अर्थी एपिलान्थानोमाइ हे ग्रीक क्रियापद 8 वेळा येतं. उपदेशात मात्र बहुधा एकच वचन उचललं जातं: प्रेषित पौलाच्या पत्रातलं फिलिप्पै 3:13, ‘मागचं विसरून’. आणि घोळ तिथेच होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इथे ‘आठवण पुसून टाकणं’ असा अर्थ घेणं. त्याच अध्यायात, 5-6 वचनांत, पौल स्वतःचा भूतकाळ बारकाव्यांसह सांगतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन वंश, परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचा), मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा, छळ करणारा. त्याला सगळं लख्ख आठवतंय. शिवाय ही यादी जखमांची नाही, बहुतांशी मानमरातबाची आहे. त्या पुंजीवर विसंबणं त्याने सोडलंय. क्रियापदाचं रूपही पाहा. ते वर्तमानकालवाचक धातुसाधित आहे, म्हणजे ‘विसरत विसरत’, धावता धावता चाललेली क्रिया. 14व्या वचनात ‘धावतो’ या अर्थी आलेलं दिओको हेच क्रियापद 6व्या वचनात ‘छळ करणे’ या अर्थी आलंय! म्हणून अत्याचार सोसलेल्या माणसाला हे वचन दाखवून ‘विसरून जा’ म्हणू नका. पौलाने तसं म्हटलेलंच नाही, आणि ऐकणाऱ्याच्या दुःखावर वर अपराधाचं ओझं चढतं.

दुसरी चूक, ‘देव आपली पापं विसरतो’ याला आधार म्हणून हा शब्द देणं. इब्री लोकांस पत्रात, 8:12 मध्ये, हे क्रियापद नाहीच. तिथे ‘आठवणे’चा ठाम नकार आहे: मी त्यांची पापं यापुढे आठवणारच नाही. तो देवाचा निश्चय आहे, विसराळूपणा नव्हे. देवाच्या संदर्भात एपिलान्थानोमाइ येतं ते नकारार्थीच. तुमचं काम विसरायला देव अन्यायी नाही (इब्री 6:10), आणि दोन दमड्यांना विकल्या जाणाऱ्या पाच चिमण्यांपैकी एकीचाही त्याला विसर पडत नाही (लूक 12:6).

विसरणं नेहमी चांगलंच, असंही धरू नका. 2 पेत्र 1:9 मध्ये ‘विसर’ या अर्थी लेथे हे नाम येतं, आणि तिथे आपण शुद्ध झालो याचा विसर पडणं हाच दोष आहे.

उरली धातूची ओढाताण. या क्रियापदाच्या मुळाशी असलेलं लान्थानो म्हणजे नजरेआड असणं, हे खरं. पण म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘दडलेलं सत्य’ शोधू नका. मार्क 8:14 मध्ये शिष्य भाकरी घ्यायला विसरले, आणि तारवात एकच भाकर होती. तिथे एवढाच अर्थ आहे.