लिम्फोमा उलटला तर : उपचार ठरवण्याआधीची तयारी

पहिल्या वेळी ठरवायला फारसं काही नसतं. लिम्फोमा म्हणजे लसिका-पेशींचा कॅन्सर. त्यातला डिफ्यूज लार्ज बी-सेल प्रकार म्हटलं की बहुतेक ठिकाणी आर-चॉप या औषधांच्या संचाच्या सहा सायकली, आणि घरच्यांचं काम म्हणजे तारखा पाळणं. आजार उलटला की चित्र बदलतं. डॉक्टर एकदम तीन-चार वाटा समोर ठेवतात, खर्चात कित्येक पटींचा फरक असतो आणि उत्तर आठवड्याभरात हवं असतं. ही तयारी त्या आठवड्यासाठी, आणि मुख्यतः घरात जो फाइल सांभाळतो त्याच्यासाठी. डिफ्यूज लार्ज प्रकार डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. हॉजकिन आणि फॉलिक्युलर हे दुसरे दोन प्रकार जिथे वेगळे पडतात तिथे तसं सांगेन.

सगळ्यात आधी, आजार खरंच उलटला आहे का आणि तो तोच आहे का, हे पक्कं करून घ्या. पेट-स्कॅनवर गाठ चमकली म्हणजे लिम्फोमाच, असं नाही. आपल्याकडे टीबी घरोघरी ऐकू येतो, कीमोनंतर प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते, आणि टीबीची गाठ पेटवर तश्शीच चमकते. म्हणून नवी बायोप्सी हवी. जमत असेल तर अख्खी गाठ काढून, नाहीतर जाड सुईने. नुसत्या बारीक सुईच्या एफएनएसीवर एवढा मोठा निर्णय उभा करू नये. टीबीच्या कल्चरसाठी वेगळा तुकडा पाठवणार का, हे बायोप्सीच्या आदल्या दिवशीच विचारा, कारण तुकडा एकदा फॉर्मॅलिनमध्ये गेला की कल्चरच्या कामाचा राहत नाही. पहिला आजार फॉलिक्युलर असेल तर बायोप्सी आणखीच महत्त्वाची. संथ फॉलिक्युलरचं आक्रमक प्रकारात रूपांतर होऊ शकतं, आणि मग उपचारांची अख्खी दिशा बदलते. रिपोर्टमध्ये सीडी-२० आणि सीडी-१९ या पेशींवरच्या खुणांचा उल्लेख आहे का तेही बघा. पुढची बरीच औषधं या दोन खुणांवरच नेम धरतात.

दुसरं मत घ्यायचं असेल, आणि उलटलेल्या लिम्फोमात ते घ्यावंच, तर नुसते रिपोर्ट पुरत नाहीत. पॅथॉलॉजी लॅबकडून जुन्या-नव्या बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लेखी अर्ज करून मागून घ्या. स्कॅनची सीडी घ्या, नुसता छापील कागद नको. राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडशी जोडलेली नव्या ही सेवा कागदपत्रं पाहून ऑनलाइन मत देते. गडचिरोली-नंदुरबारहून परळच्या टाटा रुग्णालयाच्या फेऱ्या मारण्याआधी तो मार्ग करून बघायला हरकत नाही. दुसरं मत मागितलं तर डॉक्टरांना राग येईल, ही भीती मला अनाठायी वाटते. ज्यांना राग येतो त्यांच्याबद्दल तेवढ्यातच काहीतरी कळतं.

आता एक पान तयार करा. एकच, हाताने लिहिलेलं चालेल. त्यावर पहिल्या निदानाची तारीख, शेवटच्या कीमोची तारीख, आजार परत दिसल्याची तारीख. शेवटच्या दोन तारखांमधलं अंतर फार बोलतं: पहिला उपचार संपल्यापासून वर्षाच्या आत आजार परतला की वर्षानंतर, यावर पुढची वाट बरीच ठरते. त्याखाली आतापर्यंत दिलेल्या औषधांची नावं आणि एकूण डोस. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, हृदयाला आयुष्यभरात ठरावीक मर्यादेपर्यंतच सोसतं. आर-चॉपच्या सहा सायकलींत शरीराच्या दर चौरस मीटरमागे साधारण ३०० मिलिग्रॅम होतात आणि ४५०-५५० च्या पुढे हृदयाचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणून नवी टूडी-इको. हॉजकिनसाठी ब्लिओमायसिन घेतलं असेल तर फुफ्फुसांची चाचणी. किडनीचं क्रिएटिनिन, हिपॅटायटीस बी, एचआयव्ही. हिपॅटायटीस बी जुना, दबलेला असला तरी रिटुक्सिमॅबने (आर-चॉपमधलं ‘आर’) डोकं वर काढू शकतो. शेवटी घरची औषधं, त्यात काढे आणि चूर्णंही लिहायची, संकोच न करता. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि कीमोच्या मधोमध यकृताचे आकडे चढले की दोष कशाचा हे शोधण्यात दिवस जातात.

हे पान हातात घेऊन डॉक्टरांसमोर बसलात की पहिला प्रश्न ‘सगळ्यात चांगला उपचार कोणता’ हा नको. त्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल. त्याऐवजी प्रत्येक पर्यायाबद्दल विचारा: हा आत्ता घेतला तर पुढे काय बंद होतं? उलटलेल्या लिम्फोमात हा प्रश्न मला सगळ्यात कळीचा वाटतो, कारण औषधांचा क्रम महत्त्वाचा असतो. बेंडामस्टिन हे चांगलं, सोसवणारं औषध आहे, पण कार-टीसाठी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याचा उपचार, तो पुढे येतोच) टी-पेशी काढायच्या थोडे महिने आधी ते दिलं तर त्या पेशी कमकुवत मिळतात. लेनालिडोमाइड दीर्घकाळ चाललं की स्वतःच्या स्टेम सेल (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) गोळा करणं अवघड होतं. सीडी-१९ वर नेम धरणारं एखादं औषध आधी वापरलं तर सीडी-१९ वरच बेतलेल्या कार-टीच्या आधी पुन्हा बायोप्सी लागू शकते. पहिली चाल खेळताना तिसरी दिसली पाहिजे.

वाटा ढोबळमानाने अशा. जुनी, चांगली माहीत असलेली वाट म्हणजे आधी वेगळी कीमो (डीएचएपी, आयसीई किंवा जीडीपी, सोबत रिटुक्सिमॅब), तिला आजाराने दाद दिली तर जड डोसची कीमो आणि स्वतःच्याच स्टेम सेल परत देणं. लोक याला ‘ऑटो’ म्हणतात. १९९५ मध्ये छापून आलेल्या पार्मा चाचणीत, दुसऱ्या कीमोला दाद दिलेल्या रुग्णांपैकी ऑटो केलेल्यांत पाच वर्षांनी ४६ टक्के जण आजार पुन्हा न उलटता होते, नुसत्या कीमोवर राहिलेल्यांत १२ टक्के. हे रिटुक्सिमॅबच्या आधीचे आकडे आहेत, आणि दाद दिलेल्यांचेच आहेत, हे विसरू नका. २०१० च्या कोरल चाचणीत निम्म्याच्या आसपासच रुग्ण ऑटोपर्यंत पोचले. तेव्हा डॉक्टरांनी टक्केवारी सांगितली की ती ‘ऑटो झालेल्यांची’ की ‘आज माझ्यासारख्या अवस्थेत असलेल्या सगळ्यांची’, एवढं विचाराच. दोन्ही आकडे खरे असतात, पण त्यांच्यात अंतर मोठं असतं.

दुसरी वाट कार-टी. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून, परत द्यायच्या. वर्षाच्या आत उलटलेल्या आजारात २०२१-२२ मध्ये तीन मोठ्या परदेशी चाचण्यांचे निकाल आले; दोनांत कार-टी ऑटोपेक्षा सरस ठरली, तिसरीत नाही. म्हणजे ‘कार-टी’ ही एकच वस्तू नाही, उत्पादनागणिक फरक आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार-१९ हिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तिच्या ६४ रुग्णांच्या चाचणीचे निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्यात परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्क्यांमध्ये आजार घटला किंवा दिसेनासा झाला. यात लिम्फोमा आणि ल्युकेमिया दोन्ही होते, आणि ‘घटला’ म्हणजे ‘बरा झाला’ नव्हे. परदेशाच्या तुलनेत किंमत साधारण दहाव्या हिश्शाची, तरी लाखांच्या पट्टीत ती बहुतेक घरांना झोपवणारीच. बंगळुरूच्या इम्युनीलचीही एक कार-टी जानेवारी २०२५ पासून मिळते. दोन्हींच्या बाबतीत विचारायचं ते हे: पेशी काढल्यापासून परत मिळेपर्यंत किती आठवडे, तोवर आजार कसा रोखणार, आणि बनवताना बॅच फसली तर पैशांचं काय.

कार-टीची घरच्यांनी करायची तयारी वेगळीच असते. पेशी दिल्यानंतर पहिले काही दिवस ताप, रक्तदाब घसरणं, आणि कधीकधी मेंदूवर परिणाम. तो ओळखायला नर्स रोज रुग्णाला एक वाक्य लिहायला लावतात आणि शंभरपासून दहादहाने उलट मोजायला सांगतात. वाक्य मराठीत लिहू द्या म्हणून आधीच सांगून ठेवा. ज्याने आयुष्यभर देवनागरीत हिशेब लिहिले त्याचं अक्षर बिघडलं की नाही हे इंग्रजीत कसं कळणार? त्यानंतर काही आठवडे दवाखान्याजवळ राहावं लागतं. खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक केंद्रात किंवा परळला उपचार असतील तर राहायची सोय आधी बघा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे चौकशी लवकर करा, कारण तिथे प्रतीक्षा असते.

तिसरी वाट द्विलक्ष्यी प्रतिपिंडांची (एका टोकाने लिम्फोमाची पेशी, दुसऱ्याने टी-पेशी पकडणारी औषधं), जसं ग्लोफिटामॅब: तयार औषध, पेशी काढायचा खटाटोप नाही, आणि ठरलेल्या सायकलींनंतर थांबतं. चौथी, क्लिनिकल ट्रायल. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. संमतिपत्र मराठीत मागा, घरी न्या, रात्री वाचा. सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर ट्रायलची नोंद पाहता येते. पाचवी वाट सौम्य औषधं किंवा ठरावीक जागी रेडिएशन देऊन त्रास कमी ठेवण्याची. ती हरलेल्यांची वाट म्हणून शेवटी कुजबुजत सांगितली जाते, ते मला पटत नाही. पंच्याहत्तरीच्या, हृदय अशक्त असलेल्या माणसासाठी ती पहिल्या दिवशीच मेजावर असायला हवी.

हॉजकिनमध्येही दुसरी कीमो आणि ऑटो हाच पाया, पण ब्रेंटुक्सिमॅब, निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब या नव्या औषधांनी बरंच बदललंय. त्यांचं नाव चर्चेत आलं नाही तर तुम्ही काढा. हॉजकिनच्या रुग्णाला रक्त लागलं तर ते इरॅडिएटेड (किरण दिलेलं) हवं, ही चिठ्ठी फाइलच्या पहिल्या पानावर लावा. फॉलिक्युलर उलटला आणि त्रास काहीच नसला तर कधीकधी फक्त लक्ष ठेवणं हाही उपचारच असतो. घाई नको. भावाबहिणीच्या स्टेम सेल लागण्याची शक्यता कधी बोलली गेली असेल, तर त्या भावाबहिणीचं रक्त रुग्णाला आधी चढवू नका. एसडीपीचे (एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्सचे) दाते दुसरे शोधा.

रुग्ण तरुण असेल तर मूल हवं का हा प्रश्न पुढच्या कीमोच्या आधी, त्याच आठवड्यात. वीर्य गोठवणं एक-दोन दिवसांचं काम, स्त्रीबीजांना साधारण दोन आठवडे लागतात. सासूबाईंसमोर हे बोलणं अवघड जातं, म्हणून डॉक्टरांना पाच मिनिटं वेगळी मागा.

पैशांचं सोंग आणता येत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या पॅकेजांपुरतं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पर्यायाचं नेमकं नाव सांगून विचारा. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड लागतं. तहसीलच्या फेऱ्या आजच सुरू करा. खासगी विमा असेल तर पॉलिसीत ‘आधुनिक उपचार’ या शीर्षकाखाली उपमर्यादा बघा. इम्युनोथेरपीची इंजेक्शनं आणि स्टेम सेल तिथेच अडकतात. वर्षात संपलेली रक्कम त्याच आजारासाठी पुन्हा भरून मिळते का, हेही लेखी घ्या. आणि शेत किंवा घर विकायचं असेल तर कोणत्या पर्यायासाठी विकतो आहोत, हे रुग्णाला माहीत असू द्या.

म्हणजे रुग्णाला खरं सांगायला हवं. ‘त्यांना कळता कामा नये’ म्हणणारी घरं मी पुष्कळ बघितली. त्या घरात रुग्णाला सगळं कळलेलं असतं, फक्त त्याचं मत कुणी विचारलेलं नसतं. त्याला काय नको आहे ते विचारा: व्हेंटिलेटर नको, की महिनोनमहिने मुंबईत राहणं नको, की नातीच्या लग्नाआधी केस जाणं नको. लेखी ठेवायचं असेल तर २०२३ पासून वैद्यकीय इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर, दोन साक्षीदारांसह करता येतं.

कोणतीही वाट निवडली तरी काउंट्स (रक्तपेशींची संख्या) पडतील आणि रात्री-अपरात्री ताप येईल. थर्मामीटर विकत घ्या, हात लावून बघू नका. १००.४ ला सकाळची वाट बघायची नाही, क्रोसिन देऊन झोपवायचं नाही. जवळचं कोणतं इस्पितळ रात्री अँटिबायोटिक लगेच सुरू करतं हे उपचार सुरू होण्याआधी जाऊन विचारून या, रिक्षावाल्याचा नंबर घ्या, आणि ते एक पान दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवा.