आधी तिथी बघा, मग तिकीट काढा: ओहोटीतला समुद्रकाठ कसा बघावा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातून समुद्र गाठायचा म्हणजे रात्रभराचा प्रवास. शाळेची पहिली सहल मी कोकणात नेली तो दिवस पौर्णिमेचा होता, आणि किनाऱ्यावर आम्ही पोचलो भर दुपारी बाराला. पाणी खडकांच्या माथ्यापर्यंत चढलेलं. पोरांनी लाटा पाहिल्या, वाळूत खेळली आणि परत आली. दगडांवर, दगडांखाली राहणारे सगळे जीव तेव्हा पाण्यात बुडालेले होते. एवढ्या लांबून नेलेल्या मुलांना ते दाखवता आले नाहीत, याची हळहळ मला अजून आहे. म्हणून पहिलं काम तिथी बघण्याचं.

भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि चंद्राचा हिशेब आपल्या घरच्या कॅलेंडरवर छापलेला असतो. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन असं मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पोचल्यावर तिथल्या कोळी बांधवांना विचारून वेळ पक्की करा.

पण अष्टमीला जाऊ नका. तेव्हा भांग असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात लांब ओसरतं. मला द्वितीया सोयीची वाटते. दोनाचे पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडला आणि ओहोटी सकाळी सात-साडेसातला, चांगल्या उजेडात. त्यासाठी मुक्कामी आदल्या दिवशीच पोचायला हवं. पावसाळ्यात मुळीच जाऊ नका, हिवाळा उत्तम.

पायात पट्ट्याच्या रबरी चपला घाला. अनवाणी नको, का ते पुढे येतंच. डोक्याला टोपी, सोबत प्यायचं पाणी, बस.

खडक आणि वाळू दोन्ही बघायचं तर हरिहरेश्वरसारखी जागा निवडा. तिथला काळा दगड बघून आमची मुलं म्हणाली, "सर, हा तर आपल्या विहिरीतला दगड!" खरंच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्यातून यवतमाळ-बुलढाण्याचा काळा पाषाण झाला, त्याच काळातल्या लाव्ह्याचा तो खडक आहे.

ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी मागे सरेल तसं खाली जा. वरच्या कोरड्या भेगांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी दाटीवाटीने बसलेल्या असतात. कवचाचं तोंड बंद करून त्या आतला ओलावा धरून ठेवतात. त्याखाली दगडाला चिकटलेली कालवं आणि पांढरी, टोकदार कवचं. त्यांची धार पाय कापते. हिरव्या शेवाळावर पाय ठेवू नका.

सगळ्यात खाली खळग्यांत पाणी साचलेलं असतं. तिथे घाई करू नका. एका खळग्याशी बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि पाच मिनिटं हलू नका. आधी काहीच दिसत नाही. मग एखादा शंख चालू लागतो आणि खालून खेकड्याचे पाय बाहेर येतात: रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा. कडेला समुद्रफूल दिसेल. पाण्याबाहेर तो नुसता चिकट गोळा असतो, पाण्यात मात्र पाकळ्या पसरतो. त्या पाकळ्या म्हणजे भक्ष्याला डंख करणारे हात आहेत. बोट लावू नका. सुळक्यासारख्या निमुळत्या, नक्षीदार शंखालाही हात नको, त्यातल्या काही जाती विषारी असतात. दगड उलटलात तर हळूच उलटा आणि होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. यात मी कुणाला सूट देत नाही.

आता वाळू. ओल्या वाळूत छोटं बीळ आणि भोवती वाळूच्या बारीक गोळ्यांच्या रांगा दिसल्या की थांबा. नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं शेवाळ आणि कुजके कण खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. चाहूल लागली की आत पळतो; स्तब्ध राहिलात तर दोन-तीन मिनिटांत परत येतो. आमची एक मुलगी सगळा वेळ एकाच बिळापाशी बसली आणि तिने ११४ गोळ्या मोजल्या. मला ती सहल तेवढ्यानेच सार्थ वाटली.

शंख-शिंपले गोळा करायचा मोह होतो. प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी आणि काही जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते उचलणं गुन्हा आहे. रिकामा दिसणारा शंखसुद्धा कुणाचं तरी घर असू शकतो. बाटलीत भरून गावी आणलेला जीव वाटेतच मरतो. त्यापेक्षा वही काढा, चित्र काढा.

पाणी वळलं की ते खळग्यांमागून, बाजूनेही येतं आणि माणूस खडकावर अडकतो. म्हणून ओहोटीच्या वेळेपासून अर्ध्या तासात परत फिरा, मुलांना पुढे घाला, शेवटी स्वतः चाला आणि वर आल्यावर एकेकाचं नाव घेऊन हजेरी लावा.