काळ्या कातळातून शिलारसाचा प्रवास कसा ओळखावा

सह्याद्रीतला बहुतेक बेसाल्ट हा वाटेत बरेच काही मागे टाकून वर आलेल्या शिलारसाचा थिजलेला उरलेला भाग आहे, त्यामुळे दगड तपासताना त्यातून काय निघून गेले याचाही हिशेब मांडावा लागतो.

सुरुवात थळ घाटातल्या मोठ्या स्फटिकांच्या बेसाल्टपासून करावी. ताज्या फुटीचा तुकडा दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरून उन्हात हळूहळू फिरवला, की सरळ कडांच्या, काही सेंटिमीटर लांब पट्ट्या एकदम चकाकतात, ते प्लॅजिओक्लेज, म्हणजे फेल्डस्पार गटातले खनिज. गोलसर पोकळ्यांत भरलेले झिओलाइट हे पांढरे खनिज मात्र लाव्हा थिजल्यानंतर पाण्यातून साचलेले असते, आणि त्यालाच शिलारसातला स्फटिक समजून नवखा माणूस नेमका इथेच फसतो. भोवतालचे बारीक काळे द्रव्य जमिनीवर लवकर थिजले, पण एवढे मोठे स्फटिक खाली शिलारस साठून राहतो त्या कोठीत सावकाश वाढलेले असणार. प्लॅजिओक्लेजची घनता शिलारसाच्या जवळपास असल्याने ते तरंगत राहू शकते. ऑलिव्हिन हे मॅग्नेशियमयुक्त जड खनिज मात्र तळाशी बसते.

ऑलिव्हिन बसल्याने काय होते, ते कागदावर करून पाहावे. समजा, 100 भाग शिलारसात 10 भाग मॅग्नेशियम ऑक्साइड आणि 49 भाग सिलिका आहे. त्यातून 45 टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड व 40 टक्के सिलिका असलेले 10 भाग ऑलिव्हिन काढले, तर उरलेल्या 90 भागांत मॅग्नेशियम ऑक्साइड सुमारे 6.1 टक्क्यांवर उतरते आणि सिलिका 50 टक्क्यांवर चढते. पोटॅशियम ऑलिव्हिनमध्ये जवळजवळ शिरतच नसल्याने त्याचे प्रमाण 1.11 पट होते. पुढे प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन (बेसाल्टमधले गडद खनिज) वेगळे होत असताना द्रवात लोह व टायटॅनियम साचत जातात, आणि मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे स्फटिक धरू लागले की लोह घटून सिलिका झपाट्याने वाढते.

मुंबईजवळ मढ आणि मनोरीला दिसणारे फिकट, सिलिकायुक्त खडक हे याच प्रवासाचे शेवटचे टोक आहे, असे केवळ रंगावरून ठरवू नये, कारण वाटेतले जुने भूकवच वितळून मिसळल्यानेही सिलिका वाढते. तिथे स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, खडक तयार होतानाचे मूळ गुणोत्तर तपासावे: नुसत्या स्फटिकीभवनाने ते बदलत नाही, जुन्या कवचाच्या मिसळीने बदलते.