परदेशात नव्याने आलेल्या व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी: पॉवर असिस्ट निवडण्यापूर्वी

हाताने चालवायची व्हीलचेअर घेऊन परदेशात आलेल्या आपल्या माणसांना पहिल्या काही महिन्यांत एकच गोष्ट जाणवते: इथे सगळीकडे जाता येते, पण जायचे स्वतःलाच असते. फुटपाथच्या कडेला उतार आहेत, बसला रॅम्प आहे, फुटपाथ सलग आहेत. मात्र मायदेशी चढ आला की कुणी ना कुणी मागून हात लावायचे, तो हात इथे नसतो. स्टेशनपर्यंतचा रस्ता, दुकानातून परत येताना मांडीवरची पिशवी, दारासमोरचा लहानसा चढ हे सगळे दोन खांद्यांवर येते. मग कुणीतरी पॉवर असिस्टचे नाव काढते, म्हणजे खुर्ची तीच ठेवून तिला जोडायच्या मोटरचे, आणि तिथून चुकीच्या खरेद्या सुरू होतात. गेल्या काही वर्षांत नव्याने आलेल्या अनेकांना मी या वाटेने जाताना पाहिले आहे, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक आधी सांगतो, कारण ती झाल्यावर दुरुस्त करता येत नाही. विमा, सरकारी आरोग्यसेवा, नोकरीच्या ठिकाणची अपंगत्व-सहाय्य योजना किंवा एखादा धर्मादाय निधी यांपैकी कुणाकडूनही पैसे मिळण्याची शक्यता असेल, तर लेखी मंजुरी हातात येईपर्यंत काहीही विकत घेऊ नका, आगाऊ रक्कम भरू नका, मागणीपत्रावर सही करू नका. अशा बहुतेक योजना आधी मंजुरी आणि मग खरेदी याच क्रमाने चालतात, आणि आधी घेतलेल्या वस्तूचे पैसे मागाहून देत नाहीत. विक्रेता म्हणेल की सवलत याच महिन्यापुरती आहे. मंजुरी मिळेलच असेही म्हणेल. मंजुरी देणे त्याच्या हातात नसते. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे ‘आधी घेऊन टाकू, बिल नंतर लावू’ असा विचार करून हजारोंचा खर्च स्वतःच्या खिशातून सोसलेली माणसे मला ठाऊक आहेत, आणि त्यांतल्या काहींचा अर्ज वेळेवर गेला असता तर तो सहज मंजूर झाला असता. अर्ज नाकारला गेला तरी नाउमेद होऊ नका. फेरविचाराची मुदत पत्रातच लिहिलेली असते, आणि ती चुकवायची नसते.

अर्जात काय लिहिले जाते यावर पुष्कळ अवलंबून असते. आपली माणसे तपासणीच्या वेळी आपला त्रास कमी करून सांगतात. ‘जमते मला, थोडे दुखते इतकेच’ हे वाक्य ऑक्युपेशनल थेरपिस्टसमोर, म्हणजे रोजची कामे करताना काय अडते हे तपासणाऱ्या तज्ज्ञासमोर, उच्चारू नका, कारण ती व्यक्ती ते जसेच्या तसे लिहून घेते आणि तेवढ्या एका ओळीवर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. घरापासून बसथांबा किती दूर आहे, वाटेत चढ कुठे आहे, मध्ये किती वेळा थांबावे लागते, रात्री कोणत्या कुशीवर झोपता येत नाही, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवा आणि ती वही सोबत न्या. इथल्या यंत्रणा माणुसकीशून्य आहेत अशी तक्रार आपल्या लोकांत नेहमी ऐकू येते. माझे मत तसे नाही. त्या कागदावर चालतात, आणि कागद नीट असेल तर आश्चर्य वाटावे इतक्या सरळपणे मदत करतात.

खांद्याच्या दुखण्याकडे म्हातारपणी पाहू, असे तरुण मंडळी म्हणतात. व्हीलचेअर हाताने चालवणाऱ्याचा खांदा हेच त्याचे पाय असतात आणि त्याची झीज भरून येत नाही. पॅरलाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका या अमेरिकेतल्या अपंग माजी सैनिकांच्या संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांचा सारा भर यावरच आहे: ढकलण्याची वारंवारता कमी करा, प्रत्येक ढकलीतला जोर कमी करा, आणि खुर्ची शक्य तितकी हलकी व अंगाला बेतलेली असू द्या. जोराचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १:१२, म्हणजे १२ मीटर अंतराला १ मीटर चढ, हा रॅम्पसाठी पुष्कळ ठिकाणी मान्य असलेला उतार आहे. माणूस आणि खुर्ची मिळून १०० किलो वजन असेल, तर त्या उतारावर नुसते मागे न घसरण्यासाठी ८ किलोहून थोडा जास्त जोर सतत लागतो, आणि वर चढण्याचे श्रम त्याखेरीज. नैसर्गिक रस्ते त्याहून तीव्रही असतात.

याच सूचनांतून दुसरी गोष्ट निघते: आधी खुर्ची, मग मोटर. मागच्या चाकांचा आस फार मागे असेल, बैठक रुंद असेल, पुढच्या छोट्या चाकांवर वजन जास्त पडत असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, तर ती खुर्ची ढकलायला मुळातच जड जाते. तोल सांभाळून आस जितका पुढे घेता येईल तितका घेतल्यावर काहींना मोटरची गरजच उरत नाही. ज्यांचा त्रास फक्त खडी, गवत आणि फरसबंदीच्या फटींत छोटी चाके अडकण्याचा आहे, त्यांनी फ्रीव्हीलसारखे पुढे लावायचे बिनमोटरचे मोठे चाक आधी पाहावे. आणि मायदेशातून आणलेली घडीची खुर्ची तशीच ठेवून तिच्यावर महागडी मोटर चढवण्याचा बेत असेल, तर फ्रेम बनवणारी आणि मोटर बनवणारी अशा दोन्ही कंपन्यांकडून ही जोडी चालते असे लेखी घ्या. घडीच्या फ्रेमला बहुतेक वेळा वेगळा अडॅप्टर लागतो, आणि परवानगीवाचून केलेल्या जोडणीने फ्रेमची हमी संपू शकते.

आता प्रकार. पहिला प्रकार म्हणजे मोटर चाकाच्या तुंब्यातच असलेली चाके, उदाहरणार्थ आल्बर कंपनीची ई-मोशन आणि ट्विऑन. नेहमीची मागची चाके काढून ही बसवायची. पुशरिमला, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या हाताने ढकलायच्या कड्याला, हाताचा जोर लागला की सेन्सर तो ओळखतो आणि मोटर त्यात भर घालते. खुर्ची चालवण्याची पद्धत बदलत नाही. एक हात दुसऱ्याहून अशक्त असेल तर ई-मोशनसारख्या चाकांत दोन्ही बाजूंची मदत वेगवेगळी ठेवता येते, आणि अर्धांगवायूनंतर किंवा स्नायूंच्या आजारात हा फार मोठा आधार असतो. उतारावर पुशरिम मागे ओढली की मोटर वेग रोखायला मदत करते. चढावर दोन ढकलींच्या मध्ये हात सुटतो तो क्षण चाचणीत मुद्दाम पाहा: साध्या चाकांवर खुर्ची त्या क्षणी मागे घसरू लागते आणि पुढची ढकल अर्धी ती घसरण थोपवण्यातच जाते, मागे घसरू न देणारी सोय चालू असेल तर खुर्ची जागेवर थांबते आणि तुम्ही श्वास घेऊन पुन्हा ढकलता. वजन ही मात्र खरी अडचण आहे. ई-मोशनचे एक चाक सुमारे ८ किलोचे आणि ट्विऑनचे सुमारे ६ किलोचे असते. खुर्चीची एकूण रुंदीही थोडी वाढते. जुन्या घरांतल्या अरुंद दारांत तेवढ्याने बोटे सोलपटतात किंवा खुर्ची आत जातच नाही, म्हणून न्हाणीघराचे दार आधी मोजा.

दुसरा प्रकार खुर्चीच्या मागे आसाच्या नळीला अडकवायच्या एकाच चालक चाकाचा. स्मार्टड्राइव्ह आणि स्मूव्ह ही त्यातली ओळखीची नावे. वजन साधारण ६ ते ७ किलो, काढायला आणि घालायला सोपे, घरात नको असेल तेव्हा कोपऱ्यात ठेवता येते. ते मागून ढकलत राहते आणि वळण तुम्ही पुशरिमला हात लावून घेता. लांबच्या सपाट रस्त्यावर आणि पक्क्या चढावर याच्याइतके सुखाचे दुसरे काही नाही. पण नव्याने वापरणाऱ्याने दोन गोष्टी मनावर कोरून घ्याव्यात. उतारावर खुर्ची आवरण्याचे काम हातांचेच असते. मोटर बंद झाली म्हणजे खुर्ची थांबली असे होत नाही. आणि चालू-बंदचा इशारा मनगटी पट्ट्यावरून देण्याची पद्धत असेल, तर टाळी वाजवल्याचा किंवा टेबलावर हात आपटल्याचा धक्काही इशारा म्हणून वाचला जाऊ शकतो. म्हणून रांगेत, बसमध्ये, रेल्वेच्या फलाटावर थांबलात की मोटर बंद करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. ओली पाने, सुटी खडी आणि बर्फ यांवर हे लहान चाक जागच्या जागी फिरते, कारण त्यावर वजन फार थोडे असते. फुटपाथच्या कडेवरून मागच्या मागे उतरण्याची ज्यांची सवय आहे, त्यांचे हे चाक आधी कडेला टेकते. त्यांनी ते उतरणे प्रशिक्षकाबरोबर नव्याने शिकावे.

तिसरा प्रकार पुढे जोडायचा, हँडल आणि मोठे चाक असलेला: बाटेक, ट्रायराइड, फायरफ्लाय वगैरे. खुर्चीची छोटी चाके जमिनीवरून उचलली जातात, त्यामुळे दगडी फरसबंदी, बागेतली पायवाट आणि खड्डे यांची चिंता मिटते. स्वतःचे ब्रेक असतात, वेगही जास्त असतो. तरुणांना हाच प्रकार हवा असतो आणि त्यात गैर काही नाही. तरीही तीव्र चढावर वजन मागच्या चाकांवर सरकते आणि पुढचे चालक चाक घसरू लागते. वळायला जागा जास्त लागते. दुकानात, लिफ्टमध्ये आणि ऑफिसात ते गैरसोयीचे ठरते. बोटांची पकड कमी असेल तर त्यासाठीची वेगळी हँडले मिळतात, ती पाहिल्यावाचून नकार देऊ नका. तुमच्या देशात फुटपाथवर किती वेगाला परवानगी आहे आणि त्यापुढे हे वाहन मानले जाते का, हे खरेदीपूर्वी विचारा. अपघात झाला तर विम्याचा पहिला प्रश्न तोच असतो.

खुर्ची मागून ढकलणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या मदतीसाठी असलेल्या मोटरी हा निराळा विषय आहे. जोडीदाराची पाठ दुखते म्हणून घ्यायची असेल तर त्या उत्तम, तुमच्या स्वातंत्र्यासाठी घ्यायची असेल तर निरुपयोगी.

निवड कशावर करावी, तर तुमच्या रोजच्या वाटेतल्या सर्वांत अवघड तुकड्यावर. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर तिन्ही प्रकार छानच वाटतात. विक्रेत्याला घरी बोलवा. चांगले विक्रेते येतात, आणि जो यायला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. त्याच्यासमोर दारापासून बसथांब्यापर्यंत जा, बसमध्ये चढा, परत या. मग मोटर बंद करून तोच चढ चढून पाहा, कारण बॅटरी संपल्यावर तीच खुर्ची त्या जास्तीच्या वजनासह तुम्हालाच ढकलायची आहे. शेवटी कुणाचीही मदत न घेता ते यंत्र काढून गाडीत किंवा कपाटात ठेवा. एकट्याला उचलता न येणारे यंत्र आठवड्याभरात घरच्या माणसांवर अवलंबून राहू लागते, आणि महिन्याभरात तसेच पडून राहते.

माहितीपत्रकातले अंतर सपाट रस्ता, ठरावीक वजन आणि अनुकूल हवा धरून लिहिलेले असते. चढ, वारा, कमी हवेचे टायर आणि थंडी यांनी ते बरेच घटते. उष्ण प्रदेशातून आलेल्यांना थंडीचा अंदाज नसतो: लिथियम बॅटरी गारठ्यात कमी चालते, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. बॅटरी बाहेरच्या शेडमध्ये ठेवू नका, घरात घ्या, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जरला लावा.

सुटीत घरी जायचे असेल तर विमानाचा प्रश्न खरेदीच्या दिवशीच सोडवा. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत पाहतात. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास असा तो हिशेब आहे. ३६ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तास म्हणजे २५२ वॅट-तास. प्रवासासाठी काढाव्या लागणाऱ्या लिथियम बॅटरीला आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या नियमांत ३०० वॅट-तासांची मर्यादा आहे, आणि यंत्राला दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६० वॅट-तासांची. काढलेली बॅटरी केबिनमध्ये सोबत न्यायची असते. विमान कंपनीला आधी कळवा, उत्तर लेखी घ्या, आणि बॅटरीवरचा क्षमतेचा शिक्का वाचता येईल असा ठेवा. तो पुसट झाला असेल तर काउंटरवरचा कर्मचारी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असेल तर दोन्हीकडे चालतो, पण ते त्याच्या लेबलावर वाचून खात्री करा.

आपल्या लोकांचा सल्ला प्रेमाचा असतो, तो ऐका. फक्त एकाने घेतले म्हणून तेच घेण्याची आपली खोड इथे घातक आहे, कारण त्याची दुखापत, त्याचे हात आणि त्याचे घर तुमचे नाही. मायदेशातून स्वस्तात मागवण्याचा सल्लाही येईल. यंत्र पोहोचेल; पण ते बिघडल्यावर इथला तंत्रज्ञ त्याला हात लावणार नाही, आणि सुटे भाग येईपर्यंत तुम्ही घरात बसाल. म्हणून विकत घेताना किमतीआधी दोन गोष्टी विचारा: दुरुस्तीच्या काळात बदली यंत्र देणार का, आणि तंत्रज्ञ घरी किती दिवसांत येणार. दोन्ही उत्तरे करारात लिहून घ्या. आणि पुन्हा सांगतो: त्या करारावर सही मंजुरीचे पत्र आल्यानंतरच.

यंत्र घरी आल्यावर पहिले काही आठवडे मदतीची पातळी सर्वांत खालची ठेवा, मागे पडू नये म्हणून लावलेली छोटी चाके काढू नका, आणि महिन्याभराने आसाजवळचे सगळे बोल्ट तंत्रज्ञाकडून पुन्हा आवळून घ्या. नव्या जोडण्या सुरुवातीच्या वापरात सैल होतात.