कॉम्प्रेसर सुरू होताना एमसीबी पडते? आधी टाकी रिकामी करून पाहा

हवेचा कॉम्प्रेसर एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) पाडू लागला की अनेक जण थेट मोठी एमसीबी आणून बसवतात. हे करू नका. एमसीबी असते ती वायर जळू नये म्हणून. २.५ चौरस मिमीच्या वायरवर ३२ अँपिअरची एमसीबी लावली तर मोटर चालेलही, पण भिंतीतली वायर तापत राहील आणि ते कुणाला कळणारही नाही.

प्रेशर स्विच (टाकीतल्या दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा स्विच) मोटर आपोआप चालू करू शकतो, म्हणून काहीही खोलण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा.

टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून दाबमापकाचा काटा शून्यावर आणा, कॉक बंद करा आणि मोटर चालू करा. रिकाम्या टाकीवर ती सहज उचलते, पण दाब उतरून पुन्हा चालू होताना घुमते आणि एमसीबी पाडते, असं असेल तर वायरिंगला हात लावायची गरज बहुधा नाही. मोटर बंद होताच प्रेशर स्विचपाशी क्षणभर ‘फुस्स’ आवाज यायला हवा. पंपाचं हेड आणि टाकी यांच्यामधल्या नळीत अडकलेली हवा अनलोडर व्हॉल्व्ह सोडतो, त्याचा तो आवाज. तो आला नाही तर पिस्टनला पहिल्याच फेरीत साठलेल्या दाबाविरुद्ध चढावं लागतं. अनलोडरची बारीक पिन स्विचच्या पट्टीने दाबली जाते का आणि त्याची नळी तेलकट काजळीने बुजली आहे का, ते पाहा. उलट, मोटर बंद असताना फुसफुस थांबतच नसेल तर टाकीच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा टाकीतून उलट येऊ न देणारा) गळतोय. टाकी पूर्ण रिकामी करून तो खोला, सीटवरचा कार्बन पुसा. रबर कडक झालं असेल तर बदला.

रिकाम्या टाकीवरही एमसीबी पडत असेल, तर मात्र विजेकडे वळा. २ एचपीची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर चालताना साधारण १० अँपिअर घेते, सुरू होताना थोडा वेळ त्याच्या पाच-सहापट. किती करंटला एमसीबी तत्क्षणी पडते, हे तिच्यावरच्या बी, सी, डी या अक्षराने (कर्व्हने) कळतं. बी कर्व्हची १६ अँपिअरची एमसीबी ४८ ते ८० अँपिअरच्या दरम्यान तत्क्षणी पडते. सी कर्व्हची ८० ते १६० मध्ये. तेव्हा बी असेल तर तेवढ्याच अँपिअरची सी लावून घ्या. डी कर्व्ह सरसकट नको. शॉर्ट झाल्यावर ती लगेच पडेल याची खात्री ३२० अँपिअरलाच मिळते, आणि लांब वायरीतून तेवढा करंट येईलच असं नाही.

वायरीची लांबी फार जणांच्या लक्षात येत नाही. बोर्ड २० मीटरवर असेल आणि तांब्याची वायर १.५ चौरस मिमीची, तर जाऊन-येऊन ४० मीटरचा रोध जवळजवळ अर्धा ओहम. सुरू होतानाच्या ५५ अँपिअरला २६-२७ व्होल्ट वाटेतच गेले. टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे मोटरचा सुमारे पाचवा हिस्सा जोर कमी होतो. ती रेंगाळत उचलते, तोवर मोठा करंट वाहत राहतो आणि काही सेकंदांत एमसीबी पडते. ४ चौरस मिमीच्या वायरीत हीच घट १० व्होल्टच्या आसपास राहते. एक्स्टेन्शन तर शक्यतो वापरूच नका, हवेची नळी लांब घ्या.

मोटर नुसती घुमते, फिरत नाही? कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा डबा) तपासा. प्लग काढून, त्यात साठलेली वीज उतरवायला १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर त्याच्या टोकांना १० सेकंद धरा (रेझिस्टरच्या उघड्या तारांना बोट लावू नका), व्होल्टेज शून्य झाल्याचं मीटरवर पाहा, मगच त्याची क्षमता मोजा. मोजमाप छापलेल्या मर्यादेच्या खाली असेल किंवा डबा फुगला असेल तर तो टाकून द्या.

दहा-पंधरा मिनिटं चालून मग पडत असेल, तर क्लॅम्प मीटरने करंट मोजून नेमप्लेटशी ताडा. करंट ठीक असूनही पडत असेल तर एमसीबीचा ढिला स्क्रू शोधा. तिथे वायरीचं आवरण तपकिरी झालेलं दिसेल. बोर्ड उघडायचा तर मेन बंद करून, आणि सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून.

एमसीबी शाबूत राहून आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) पडते, तेव्हा करंट बॉडीत गळतोय. टर्मिनल बॉक्समधला ओलावा पाहा, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं मीटर) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन मोजून घ्या. १ मेगाओहमपेक्षा कमी भरलं तर मोटर दुरुस्तीला पाठवा, आरसीसीबी बायपास करून चालवू नका.