लस टोचायला निघण्याआधी

बाळाचं लसीकरणाचं कार्ड आदल्या रात्रीच पिशवीत टाका. सकाळी बाळाची अंघोळ, धुरी, तीट या गडबडीत नेमकं तेच राहतं. मग सिस्टर आठवणीवर विचारणार आणि आपण आठवणीवर सांगणार, यात कुणाचंच भलं नाही. कार्डाचा एक फोटो मोबाइलमध्येही ठेवा, आणि यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, ज्याचा नंबर दिलाय त्याचा फोन बरोबर घ्या. बाळंतपण माहेरी झालं असेल तर आणखी एक कागद लागतो. बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचा शून्य डोस आणि जन्मल्यावर चोवीस तासांत द्यायची ‘कावीळ ब’ची लस यांची नोंद बहुतेक वेळा दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावरच राहिलेली असते. तो कागद कार्डाला टाचून ठेवा. सासरच्या गावी सिस्टर पहिल्यांदा तेच मागतात.

आपल्या भागात लसीकरण कोणत्या वारी असतं, अंगणवाडीत की उपकेंद्रात, हे आशाताईंना आधी विचारून घ्या. जपानी मेंदूज्वराची लस सगळ्या जिल्ह्यांत नसते, तेही त्यांनाच विचारा.

कपडे साधे घाला. दीड महिन्याला पेंटा (पाच आजारांची एकत्र लस) डाव्या मांडीत, पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) उजव्या मांडीत आणि टोचायची पोलिओ उजव्या दंडात. तीन सुया, वर रोटा (जुलाबांवरची तोंडावाटेची लस) आणि पोलिओचे थेंब. मामाने आणलेला गळ्यापासून पायापर्यंत बटणांचा सूट त्या दिवशी घरीच राहू द्या. पुढून बंदांनी बांधायचं झबलं आणि सैल चड्डी पुरे. अडीच महिन्यांना पेंटा, रोटा आणि थेंब एवढंच. साडेतीनला पुन्हा तिन्ही सुया.

पोटाचं म्हणाल तर बाळाला खुशाल पाजून न्या. थेंबांच्या आधी-नंतर अर्धा तास पाजायचं नाही, हे आमच्या सासूबाई अजूनही ऐकवतात. त्याची काही गरज नाही. उलट सुई टोचताना आणि टोचून झाल्यावर लगेच अंगावर घेतलं तर रडं लवकर थांबतं.

तापाचं औषध घरात आधीच आणून ठेवा, पण बाटलीवरचा आकडा वाचून. पॅरासिटामॉलचे थेंब साधारण एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात आणि नेहमीचं पातळ औषध पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचं, म्हणजे एका मिलिलिटरला २५. एकाच नावाच्या दोन बाटल्यांत चौपट फरक! थोरल्याची बाटली उरली होती म्हणून धाकट्याला तीच दिली, किंवा एकीचा ड्रॉपर दुसरीला लावला, असं करू नका. डोस वजनावर ठरतो. बाळाचं त्या दिवशीचं वजन आणि किती मिलिलिटर द्यायचं ते सिस्टरकडून कार्डाच्या मागे लिहून घ्या. ऍस्पिरिन मुलांना नाहीच.

आता खरी तयारी. पिशवीत काय न्यायचं यापेक्षा तिथे काय सांगायचं हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि नेमकं त्यात आपण उलटं वागतो. जे सांगायला हवं ते सांगत नाही आणि ज्याने काही बिघडत नाही त्यापायी लस पुढे ढकलतो. आमच्याच घरात थोरल्याची नऊ महिन्यांची गोवर-रुबेला आधी सर्दी म्हणून राहिली, मग जावळ होतं म्हणून, मग गावाला गेलो म्हणून. टोचली तेव्हा पोरगं चौदा महिन्यांचं होऊन चालायला लागलं होतं. पाच महिने ते गोवरापुढे उघडं होतं, आणि कारण काय, तर वाहतं नाक.

कुणाला कोणती लस नको, हे कळायला लसींची जात माहीत असावी लागते. ढोबळ दोन जाती धरा. जिवंत लसीत जंतू असतो, पण अशक्त केलेला. तो शरीरात थोडा वाढतो, आजार पाडत नाही, ओळख तेवढी पटवून जातो. बीसीजी, तोंडावाटेची पोलिओ, रोटा, गोवर-रुबेला, आणि बाहेर विकत घ्यायची कांजण्यांची लस या सगळ्या जिवंत. दुसऱ्या जातीत वाढणारं काहीच नसतं. टोचायच्या पोलिओत आणि रेबीजच्या लसीत मारलेला विषाणू असतो. धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीत तर जंतूही नसतो, त्याचं विष निकामी करून घातलेलं असतं. ‘कावीळ ब’च्या लसीत विषाणूच्या आवरणातलं एकच प्रथिन असतं. पीसीव्ही आणि हिब या न्यूमोनिया-मेंदूज्वराच्या लसींत जंतूच्या कवचातली साखर प्रथिनाला जोडलेली असते, कारण नुसती साखर दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नीट ओळखत नाही. आपली पेंटा म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब, पाचही एका सुईत. त्यातही जिवंत काही नाही.

अडचण मुख्यतः जिवंत लसींची. अशक्त जंतूला आवर घालायलाही थोडी प्रतिकारशक्ती लागतेच. तेव्हा बाळाला जन्मजात प्रतिकारशक्तीचा आजार असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, किंवा तोंडावाटे मोठ्या डोसचं स्टेरॉइड दोन आठवडे किंवा जास्त दिलं असेल, तर सुईच्या आधी सांगा. दम्याचा पंप आणि त्वचेला लावायचं मलम यात धरायचं नाही. आधीचं एखादं भावंड तान्हेपणी वारंवार जंतुसंसर्ग होऊन गेलं असेल तर तेही सांगा. बोलायला जड जातं, पण सांगा. बाळाला रक्त चढवलं असेल तर गोवर-रुबेला काही महिने थांबवतात. आईने गरोदरपणात सांधेदुखीसाठी किंवा आतड्याच्या आजारासाठी बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती दाबणारी) इंजेक्शनं घेतली असतील तर ते जन्मल्याबरोबर, बीसीजीच्या आधी सांगायचं. औषध वारेतून बाळात गेलेलं असतं आणि महिनोन् महिने टिकतं. घरात कुणाची केमो चालू असेल तर तोंडावाटेच्या पोलिओबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि रोटानंतर लंगोट बदलणाऱ्याने हात साबणाने धुवावेत. आजोबांची केमो आहे म्हणून नातवाची गोवराची लस मात्र थांबवू नका. त्याला गोवर झाला तर आजोबांनाच सगळ्यात जास्त धोका.

घरात कुणी गरोदर असेल तरी बाळाला गोवर-रुबेला चालते. गरोदर बाईला स्वतःला ती नको, कांजण्यांचीही नको. तिला धनुर्वात-घटसर्पाची टीडी मात्र द्यायचीच.

रोटाचं एक वेगळं आहे. बाळाच्या आतड्यात आतडं शिरून अडकण्याचा प्रकार पूर्वी झाला असेल तर ती द्यायची नाही. पेंटाच्या आधीच्या डोसानंतर आठवड्याभरात बाळ बेशुद्ध झालं असेल किंवा मेंदूचा त्रास झाला असेल तर डांग्या खोकल्याचा भाग पुढे वगळतात. आणि कोणत्याही लसीनंतर अंगभर गांधी, श्वास कोंडणं, निपचित पडणं असं झालं असेल तर तीच लस पुन्हा नको. थांबण्याची कारणं मुख्यतः एवढीच. ताप चांगलाच असेल किंवा बाळ खरोखर आजारी असेल तर बरं होईपर्यंत थांबायचं, पुढच्या खेपेला न्यायचं.

सर्दी, साधा खोकला, थोडे जुलाब, दात येणं, चालू असलेलं अँटिबायोटिक, मामेभावाला तापात आलेली फिट, यातलं एकही कारण नव्हे. वेळेआधी जन्मलेल्या बाळालाही जन्मतारखेपासून मोजूनच टोचतात. अंड्याची ऍलर्जी गोवराच्या लसीला आड येत नाही, पीतज्वराच्या लसीला येते, पण ती आफ्रिकेत जाणाऱ्यांची गोष्ट. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे. ‘आता उशीर झाला, सिस्टर ओरडतील’ म्हणून न जाणाऱ्या आया मी पाहिल्यात. ओरडल्या तर ओरडू देत.

रेबीजचा नियम तर सगळ्यांहून वेगळा. कुत्रं चावल्यावर बाई गरोदर असो, आजोबा केमोवर असोत, बाळ तान्हं असो, कुणीही ही लस टाळायची नाही. झालेला रेबीज बरा होत नाही.

खासगीत गेलात तर पेंटासारख्या लसीबद्दल ‘साधी की न दुखणारी’ असं विचारतील. न दुखणारीत डांग्या खोकल्याचा जंतू अख्खा नसतो, त्याचे मोजके भाग असतात. म्हणून ताप आणि सूज कमी, पण संरक्षणही लवकर ओसरतं. पैसे नाहीत म्हणून सरकारी टोचली, बाळाला कमी मिळालं, अशी रुखरुख कुणी लावून घेऊ नये.

टोचायच्या जागी लाजायचं नाही, बाटली दाखवा म्हणायचं. लेबलवर एका गोलात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस थंडाव्यात राहिली आहे, दोन्हींचा रंग एक झाला असेल तर ती बाटली बाद. बीसीजी आणि गोवर-रुबेला पावडरीत तिच्यासोबतचं द्रावण घालून तयार करतात आणि चार तासांत संपवावी लागते, म्हणून बाटली उघडल्याची वेळ तिच्यावर लिहिलेली असते. चांगल्या सिस्टर विचारल्यावर चिडत नाहीत, स्वतःहून दाखवतात. तुम्ही बाळाला मांडीवर घट्ट धरा, पाय दोन गुडघ्यांत. सुई लागली की रिक्षा बोलवू नका. अर्धा तास तिथेच बसायचं. मोठी ऍलर्जी आलीच तर बहुतेकदा या अर्ध्या तासात येते आणि तिच्यावरचं इंजेक्शन सिस्टरच्या पेटीत असतं, आपल्या रिक्षात नसतं. या वेळात कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि पुढची तारीख कोणती, हे विचारून घ्या.

घरी आल्यावर मांडीला हळद, तेल, गरम शेक काही नको. ओला गार फडका चालेल. पेंटाची गाठ काही आठवडे राहते, चोळायची नाही. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, खपली धरतो आणि वण उरतो. ती लस लागू पडल्याची खूण, तिच्यावर मलम लावू नका. रोटानंतर बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, उलट्या होत असतील किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

पेंटाचा ताप त्याच रात्री येतो. गोवर-रुबेलाचा तसा नाही, तो सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास येतो, कधी अंगावर बारीक पुरळ घेऊन, आणि तोवर घरात लसीची आठवणही उरलेली नसते. म्हणून घरी पोचल्यावर चहाच्या आधी कॅलेंडर काढा आणि दोन खुणा करा, एक पुढच्या डोसाच्या तारखेवर आणि एक आजपासून आठव्या दिवसावर. आमच्याकडे ती दुसरी खूण दुधाच्या हिशेबाखाली गेली होती.